वीणेचा पडदा आणि ल्यूटचा पडदा : सोळाव्या शतकातील खानदेशाच्या संदर्भात स्वरांतरांचा विचार

प्रस्तावना

तंतुवाद्याच्या दांडीवर बसविलेला पडदा ही दिसावयास अत्यंत साधी वस्तू आहे. वादक पडद्यालगत तार दाबतो, कंप पावणाऱ्या तारेची लांबी कमी होते आणि स्वर चढतो. परंतु हा पडदा नेमका कोठे बसवावा, या प्रश्नाने सोळाव्या शतकात दोन परस्परांपासून दूर असलेल्या प्रदेशांतील संगीतज्ञांना सारखेच अडचणीत टाकले होते. युरोपात इटली, जर्मनी व स्पेन येथील ल्यूट आणि विउएला या वाद्यांचे वादक या प्रश्नाशी झगडत होते. भारतात विजयनगर व खानदेश येथील वीणाशास्त्रकार. या दुसऱ्या बाजूकडे, विशेषतः खानदेशाकडे, आपल्या भागातील अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात पडद्यांच्या मांडणीमागील गणित स्पष्ट करून या दोन्ही परंपरांनी काढलेल्या वाटा पाहावयाच्या आहेत. स्वरांची नावे सोयीसाठी आजच्या हिंदुस्थानी पद्धतीनुसार दिली आहेत. जुन्या ग्रंथांतील शुद्ध-विकृत संज्ञा वेगळ्या आहेत, हे ध्यानात ठेवावे.

खानदेश व स्वरशास्त्र

देवगिरीच्या यादव सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव हा श्रीकरणाधिप होता आणि त्याने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्याच सिंघणाचा मुख्य ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू होय. आजच्या जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याची व त्यास इ. स. १२०७ मध्ये दान मिळाल्याची नोंद तेथील शिलालेखात आहे. शार्ङ्गदेवाच्या आजोबांचे नावही भास्करच होते. मात्र ते काश्मीरहून दक्षिणेत आलेले गृहस्थ. गणिती भास्कराचार्यांशी त्यांची गल्लत करू नये.

शार्ङ्गदेवाने बावीस श्रुती समजावण्यासाठी प्रत्येकी बावीस तारांच्या दोन वीणा कल्पिल्या. एक ध्रुववीणा, म्हणजे जिच्या तारा हलवावयाच्या नाहीत ती, दुसरी चलवीणा. चलवीणेचे स्वर एकेका श्रुतीने उतरवीत गेल्यास दुसऱ्या सारणेत गांधार-निषाद हे ध्रुववीणेच्या ऋषभ-धैवतांत मिळतात, तिसऱ्या सारणेत ऋषभ-धैवत हे षड्ज-पंचमांत मिळतात आणि चौथ्या सारणेत षड्ज, मध्यम व पंचम हे आपापल्या खालच्या स्वरांत विलीन होतात. दोन, तीन व चार श्रुतींचे स्वर असे सिद्ध होतात. ही युक्ती चतुर आहे, परंतु ती मोजणी नव्हे. एका तारेहून दुसरी तार किती उंच, याचे उत्तर ‘मध्ये तिसरा ध्वनी राहू नये इतकी’ असे दिलेले आहे. तारेची लांबी वा गुणोत्तर कोठेही नाही. ज्या राजाच्या दरबारात घनमूळ काढण्याची रीत जाणणारे गणिती होते, त्याच दरबारातील संगीतग्रंथात संख्येची गरज भासली नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. सुट्या तारांच्या वीणेवर प्रत्येक स्वराची तार स्वतंत्रपणे कानाने लावता येते, तेव्हा तडजोडीचा प्रश्नच उद्भवत नाही. तो प्रश्न एकाच पडद्याने अनेक तारांची सेवा करावयाची वेळ येते तेव्हा उभा राहतो.

ती वेळ सोळाव्या शतकात आलेली स्पष्ट दिसते. विजयनगरच्या रामामात्याने इ. स. १५५० मध्ये ‘स्वरमेलकलानिधि’ लिहिला व त्यात चार तारांच्या वीणेवर सरळ आडवे पडदे कसे बसवावेत, हे सांगितले. त्यानंतर थोड्याच काळात कर्नाटकातून उत्तरेकडे आलेला पुंडरीक विठ्ठल हा पंडित खानदेशच्या फारुकी घराण्यातील बुऱ्हाणखानाच्या आश्रयास राहिला आणि तेथे त्याने ‘सद्रागचंद्रोदय’ रचला. फारुकींचे आरंभीचे ठाणे तापीकाठचे थाळनेर, म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यातील गाव. तेथे त्यांच्या कबरी आजही उभ्या आहेत. पुढे राजधानी बुऱ्हाणपूरला गेली व १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर हे राज्य संपले. पुंडरीक स्वतः त्याच्या पुष्कळ आधी कछवाह राजपुत्रांच्या आश्रयास गेला होता. त्याची ‘रागमाला’ १५७६ मधील आहे. दक्षिणेची मेळपद्धती जाणणारा, उत्तरेचे राग ऐकणारा व इराणी नावांच्या रागांचीही दखल घेणारा हा ग्रंथकार खानदेशात बसून वीणेचे पडदे सांगत होता. दक्षिण व उत्तर यांमधील रस्त्यावरचा मुलूख म्हणून खानदेशाचे जे ऐतिहासिक स्थान आहे, त्याचा हा सांगीतिक पुरावाच मानावयास हरकत नाही.

ल्यूटची अडचण

ल्यूट हे नाव अरबी ‘अल्-ऊद’ वरून आले. युरोपात रूढ झालेल्या ल्यूटला सहा जोडतारा असत आणि पडदे धातूचे नसून जनावरांच्या आतड्यांपासून केलेल्या तातीचे, मानेभोवती गाठ मारून बांधलेले असत. म्हणजे ते सरकविता येत. परंतु एक पडदा सरकविला की सहाही जोडतारांवरील स्वर एकदम बदलत.

मोकळ्या तारा लावतानाच पहिली अडचण येई. लगतच्या तारांमध्ये चार ठिकाणी षड्ज-मध्यम अंतर आणि मध्यभागी एका ठिकाणी षड्ज-गांधार अंतर असे. पहिल्या व शेवटच्या तारेत बरोबर दोन सप्तकांचे अंतर हवे, म्हणजे गुणोत्तर ४ हवे. षड्ज-मध्यमाचे शुद्ध गुणोत्तर ४/३. चार वेळा ४/३ घेतल्यास २५६/८१ होते आणि चारास त्याने भागल्यास मधल्या गांधारासाठी ८१/६४ उरते. कानास गोड लागणारा गांधार मात्र ५/४, म्हणजे ८०/६४ चा असतो. ८१ व ८० यांमधील हा लहानसा फरक सप्तकाचे १२०० सेंट धरल्यास सुमारे साडेएकवीस सेंट भरतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गांधार आपोआप ऐकू येतो तो ५/४ चा. तेव्हा हा फरक केवळ कागदावरचा आहे, असे आपल्याकडील श्रोत्यास तरी वाटणार नाही.

त्या काळी युरोपातील ऑर्गन व तत्सम पट्ट्यांच्या वाद्यांवर गांधार शुद्ध ठेवण्यासाठी पंचम किंचित उतरविण्याची पद्धत रूढ होत होती. पिएत्रो आरोन याने १५२३ मध्ये तिचे वर्णन केले. स्वरांतरांत हेतुपुरस्सर केलेल्या अशा तडजोडीलाच टेंपरामेंट म्हणतात. या पद्धतीत मात्र अर्धस्वर दोन प्रकारचे होतात : एक सुमारे ७६ सेंटचा, दुसरा सुमारे ११७ सेंटचा. पट्ट्यांच्या वाद्यावर प्रत्येक स्वराची नळी वेगळी, म्हणून ते चालते. ल्यूटच्या पहिल्याच पडद्यावर चौथ्या तारेस एफ शार्प हवा, म्हणजे लहान अर्धस्वर. आणि दुसऱ्या तारेस ई फ्लॅट हवा, म्हणजे मोठा. एक ताती एकाच वेळी दोन जागी बसू शकत नाही.

यावर वादकांनी नाना उपाय केले. स्पेनमधील लुईस मिलान याने आपल्या १५३६ च्या संग्रहात काही रचनांपूर्वी चौथा पडदा थोडा सरकवून घ्यावा, अशी सूचना दिली आहे. काहींनी दांडीवर मध्येच छोटे उपपडदे चिकटविले. जर्मनीतील हान्स गेर्ले याने १५३२ मध्ये पडद्यांची मापे दिली, तर इंग्लंडमध्ये जॉन डाउलंडच्या नावाने १६१० मध्ये अशीच मापे प्रसिद्ध झाली. सर्वांत प्रसिद्ध झाला तो व्हिन्चेंझो गॅलिली याचा १५८१ मधील नियम. हा गॅलिली म्हणजे खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचा पिता. तो स्वतः ल्यूटवादक होता. त्याने सांगितले, तारेचा अठरावा भाग सोडून पहिला पडदा बांधावा, उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडून दुसरा, आणि याप्रमाणे पुढे. ६० सेंटिमीटरच्या तारेवर पहिला पडदा ३.३३ सेंटिमीटरवर येतो. बारा वेळा ही क्रिया केल्यावर तारेचा ३०.२२ सेंटिमीटर भाग उरतो. नेमका अर्धा, म्हणजे ३० उरत नाही. गणिताच्या दृष्टीने ही चूक आहे. परंतु पडद्यावर दाबल्याने तार ताणली जाऊन स्वर थोडा चढतो आणि ही चूक पुष्कळशी भरून निघते. अचूक उत्तरासाठी दोनचे बारावे मूळ काढावे लागते, म्हणजे एकदा घनमूळ व दोनदा वर्गमूळ. चीनमधील झू झाईयू याने १५८४ मध्ये ते काढून दाखविले. ‘लीलावती’त घनमूळ व वर्गमूळ या दोन्ही रीती आहेत. साधन पाटणच्या मठातही होतेच. तसा प्रश्न मात्र तेथे कोणी विचारला नव्हता.

वीणेवर तोच पेच

आता रामामात्याच्या व पुंडरीकाच्या वीणेकडे वळता येईल. चार मुख्य तारा सा, प, सा, म अशा लावलेल्या असतात आणि त्यांखाली सहा आडवे पडदे असतात. सा-तारेवर या सहा पडद्यांवर अनुक्रमे कोमल ऋषभ, शुद्ध ऋषभ, कोमल गांधार, शुद्ध गांधार, मध्यम व तीव्र मध्यम मिळतात. तेच पडदे प-तारेवर कोमल धैवतापासून वरच्या षड्जापर्यंत व त्याही पुढे कोमल ऋषभापर्यंत नेतात. म-तारेवर तीव्र मध्यमापासून शुद्ध निषादापर्यंत. ग्रंथांत संख्या नाहीत. कोणत्या तारेवर कोणत्या पडद्याने कोणता स्वर निघावा, एवढेच सांगितले आहे. परंतु या अटी गणितात मांडल्या तर काय होते, ते पाहणे उद्बोधक ठरते. सोयीसाठी तार ९० सेंटिमीटरची धरली आहे व अंतरे मेरूपासून मोजली आहेत.

दुसऱ्या पडद्याने म-तारेवर पंचम दिला पाहिजे. मध्यम ४/३, पंचम ३/२. म्हणून दुसरा पडदा ९/८ चा, म्हणजे १० सेंटिमीटरवर. पाचव्या पडद्याने सा-तारेवर मध्यम द्यावयाचा, म्हणून तो २२.५ सेंटिमीटरवर, प-तारेवर तोच बिनचूक तार षड्ज देतो. येथपर्यंत सारे सुरळीत चालते.

चौथ्या पडद्यापाशी गाडी अडते. तो शुद्ध गांधाराचा पडदा. ५/४ चा गोड गांधार हवा असल्यास तो १८ सेंटिमीटरवर बसवावा लागेल. पण मग म-तारेवर त्याच पडद्याने निघणारा धैवत ५/३ चा होतो, आणि प-तारेवर दुसऱ्या पडद्याने निघणारा धैवत २७/१६ चा. दोन धैवतांत ८१/८० चा फरक, तोच जो ल्यूटच्या मोकळ्या तारांत आढळला. दोन्ही धैवत जुळवावयाचे तर चौथा पडदा ८१/६४ वर, म्हणजे १८.८९ सेंटिमीटरवर न्यावा लागतो आणि गांधार चढा होतो. जवळजवळ नऊ मिलिमीटरचा हा प्रश्न आहे.

समजा, धैवतांचे ऐकून गांधाराचा गोडवा सोडला. तरीही सुटका नाही. पाचव्या पडद्याने म-तारेवर मिळणारा कोमल निषाद १६/९ चा. तोच प-तारेवर तिसऱ्या पडद्याने मिळावयाचा, म्हणून तिसरा पडदा ३२/२७ चा ठरतो. या तिसऱ्या पडद्याने म-तारेवर कोमल धैवत निघतो, तो १२८/८१. हाच कोमल धैवत प-तारेवर पहिल्या पडद्याने यावयाचा असल्यास पहिला पडदा २५६/२४३ चा, म्हणजे ४.५७ सेंटिमीटरवर हवा. आता दुसऱ्या बाजूने पाहावे. प-तारेवर चौथ्या पडद्याचा शुद्ध निषाद २४३/१२८ चा. तोच म-तारेवर सहाव्या पडद्याने मिळावा, म्हणून सहावा पडदा ७२९/५१२ चा. सहाव्या पडद्याने सा-तारेवर तीव्र मध्यम निघतो, आणि तो म-तारेवरील पहिल्या पडद्याच्या तीव्र मध्यमाशी जुळावयाचा, तर पहिला पडदा २१८७/२०४८ चा, म्हणजे ५.७२ सेंटिमीटरवर हवा. एकाच पडद्याच्या दोन जागा, आणि त्यांत सेंटिमीटरहून अधिक अंतर! समान अर्धस्वरांची मांडणी केल्यास तो ५.०५ वर, म्हणजे या दोहोंच्या साधारण मधोमध येतो; मग कोठेही भांडण होत नाही आणि षड्ज वगळता कोणताही स्वर पूर्ण शुद्ध राहत नाही.

रामामात्याने या पेचावर जो मार्ग काढला तो शास्त्रकाराचा आहे. अंतर गांधार व काकली निषाद या स्वरांसाठी वेगळे पडदे न बसविता, त्यांच्याहून एक श्रुतीने उंच असलेल्या शेजारच्या स्वरांनाच त्यांचे प्रतिनिधी मानावे, असे त्याने ठरविले. पडद्यांची दाटी झाली तर वादन अशक्य होते, हे व्यावहारिक कारण त्यामागे उघड आहे. पुंडरीकाच्या खानदेशी ग्रंथातही वीणेची हीच परंपरा पुढे चाललेली दिसते. त्याने त्या शेजारच्या स्वरांना लघु-मध्यम, लघु-षड्ज अशी नावे दिली आणि एकूण एकोणीस मेळांत राग बसविले. श्रुती बावीस, पडदे मात्र सप्तकात बारा : ही तफावत झाकून न ठेवता ‘प्रतिनिधी’ या शब्दाने मान्य केली, यात या ग्रंथकारांचा प्रामाणिकपणा दिसतो. नंतरच्या काळात बावीस श्रुती जणू अनादिकालापासून मोजून ठेवल्या आहेत असे सांगणाऱ्यांनी हा शब्द विसरता कामा नये.

मोजपट्टीचा मोह

तारेची लांबी सांगून स्वर निश्चित करण्याची रीत सतराव्या शतकातील अहोबलाच्या ‘संगीतपारिजाता’त प्रथम ठळकपणे आढळते. ३६ इंचांची तार धरली तर तार षड्ज १८ इंचांवर, मध्यम २७ वर, पंचम २४ वर, ऋषभ ३२ वर, गांधार ३० वर व निषाद २० वर येतो. षड्जाची २४० आंदोलने मानल्यास हे स्वर अनुक्रमे ४८०, ३२०, ३६०, २७०, २८८ व ४३२ आंदोलनांचे होतात, म्हणजे आजच्या काफीजवळचे सप्तक. धैवताची गोष्ट मोठी बोधक आहे. तो पंचम व तार षड्ज यांच्या मध्ये असे म्हटले आहे. अगदी मधोमध, म्हणजे २१ इंचांवर घेतल्यास ४११ हून थोडी अधिक आंदोलने येतात. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी ऋषभाचा पंचम म्हणून ४०५ हा आकडा स्वीकारला. म्हणजे मोजपट्टी हाती असतानाही शेवटचा निवाडा कानालाच करावा लागला.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा वाद महाराष्ट्रात पुन्हा पेटला, तो पेटीमुळे. नाट्यसंगीताबरोबर हार्मोनियम व ऑर्गन घरोघरी परिचित झाले. ज्यांचे बालपण काही काळ जळगावात गेले त्या बालगंधर्वांच्या गायनामागेही ऑर्गनच असे. हे वाद्य समान अर्धस्वरांचे, म्हणजे गॅलिलीच्या पडद्यांचेच आधुनिक रूप. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध करून प्रत्येक श्रुतीस साध्या पूर्णांकांचे गुणोत्तर दिले. सनदी सेवेतील ई. क्लेमेंट्स यांनी त्यांचा पुरस्कार केला, १९१३ मध्ये स्वतःचे पुस्तक लिहिले, आणि लंडनच्या एच. कीथ मूर यांच्याकडून १९११ मध्ये श्रुती-हार्मोनियम तयार झाला. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत हा विषय चर्चेस आला, परंतु भातखंडे व अनेक गायक यांना ही निश्चिती पटली नाही. देवलांच्या परिश्रमांबद्दल आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की, प्राचीन ग्रंथांत नसलेले आकडे त्यांनी तेथे वाचले. त्यांचे कान खोटे नव्हते. त्यांची गुणोत्तरे पुष्कळदा खरोखरीच सुरेल आहेत. चूक झाली ती ती गुणोत्तरे भरत-शार्ङ्गदेवांच्या नावावर जमा करण्यात. पुढे १९६३ मध्ये नझीर जैरजभॉय व ए. डब्ल्यू. स्टोन यांनी यमनमधील गांधार यंत्राने मोजला, तेव्हा वेगवेगळ्या कलावंतांचाच नव्हे, तर एकाच कलावंताचा गांधारही एका जागी स्थिर नसल्याचे आढळले.

आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर घातलेली बंदी १९७१ पासून सैल झाली. आज महाविद्यालयांच्या संगीत विभागांत हार्मोनियम व इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड यांवरच पुष्कळ विद्यार्थ्यांचा स्वराभ्यास सुरू होतो. त्या पट्टीचा शुद्ध गांधार ५/४ च्या गांधाराहून सुमारे चौदा सेंट चढा असतो. तानपुरा व पेटी एकदम वाजत असताना विद्यार्थ्याने दोहोंपैकी कोणाचे ऐकावे, हे त्यास कोणी सांगितलेच पाहिजे. न सांगितल्यास तो जे मोठ्याने वाजते त्याचेच ऐकतो.

सतारीची वाट

वीणा व ल्यूट यांच्या पेचातून सतारीने निराळ्याच मार्गाने सुटका करून घेतली. सतारीत राग वाजतो तो मुख्यतः बाजाच्या एकाच तारेवर. इतर तारा साथ करतात. एका पडद्याला एकाच तारेची चाकरी असल्यामुळे दोन तारांचे भांडण मिटविण्याची गरजच उरत नाही; पडदा त्या तारेच्या सोयीने हवा तेथे ठेवता येतो. मिरजेत शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू केलेल्या आणि २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या सतारनिर्मितीत आजही पितळी, कमानदार पडदे दांडीला दोऱ्याने बांधले जातात, ठोकून बसविले जात नाहीत. दोरा घट्ट हवा, पण अंगठ्याच्या दाबाने पडदा सरकला पाहिजे, इतपतच घट्ट. भोपळ्याची निवड व जवारी यांइतकीच ही बांधणी कारागिराच्या हाताची परीक्षा पाहते.

शिवाय पडद्यावर दाबलेली तार बाजूस खेचून मींडीने स्वर चढविता येतो. खाली मात्र उतरविता येत नाही. म्हणून संशय असल्यास पडदा किंचित उतरता ठेवणे सोयीचे असते. अचल ठाटाच्या सतारीत सर्व कोमल-तीव्र स्वरांचे पडदे कायम असत. आज प्रचारात असलेल्या चल ठाटाच्या सतारीत मध्य सप्तकात ऋषभास व धैवतास एकेकच पडदा असतो. तोडी आटोपून यमन घ्यावयाचा असेल तर वादक हे दोन पडदे घोडीच्या बाजूस सरकवितो, तरफेच्या तारा पुन्हा मिळवून घेतो, आणि श्रोते खुंट्यांचा आवाज ऐकत थांबतात.